माळ्यावरचा जुना कटर भंगारात देण्याआधी



आजचा संदेश लांब आहे. दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा, आणि ज्यांच्या घरी माळ्यावर कटर पडलाय त्यांनी तो खाली काढून समोर ठेवूनच वाचा.

मे महिना निम्मा संपला. आंबा उरकत आला, घरोघरी माळे झाडायचं काम चालू आहे आणि भंगारवाल्याचा टेम्पो गावोगाव फिरतोय. गेल्या आठवड्यात त्या टेम्पोत पत्र्याच्या डब्यांखाली तीन कटर पडलेले पाहिले. किलोच्या भावाने गेलेले. टेम्पोवाल्याला विचारून एकाची रस्सी हातात धरून उचलला. तो कटर चांगला होता, हे मी तेव्हाच सांगू शकलो. कसं, ते पुढे येईलच. त्या घरच्या माणसाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा पाठ.

(कटर म्हणजे लाकूड कापायची चेन सॉ. गवत कापायचा ग्रास कटर वेगळा, त्याबद्दल नंतर कधीतरी.)

*आपल्याकडे इतके कटर आले कुठून?*

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात वाड्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड घरांवर पडले, आजोबांच्या हातचे आंबे मुळासकट उपटून गडग्यावर आडवे झाले. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. कोयती-कुऱ्हाडीने ते उरकणारं नव्हतं. मग मुंबई-पुण्याहून, पेण-महाडहून, जिथून मिळेल तिथून लोकांनी कटर आणले. कोणी नवीन घेतला, कोणी सॉ मिलवाल्याकडचा जुना आणला, कोणाच्या मुंबईच्या भावाने पाठवला. एक मोसम मशीन राबलं आणि टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर गेलं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा बऱ्याच जणांनी घाईघाईने माळ्यावरचा कटर काढला, रस्सी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला आणि "मशीन गेलं" म्हणून परत वर टाकला. मशीन गेलं नव्हतं. आतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि त्याचा चिकट गाळ कार्बोरेटरमध्ये बसला होता. बहुतेक माळ्यांवर आजही हीच गोष्ट आहे.

*पहिलं काम: आपल्याकडे काय आहे ते ओळखा*

दोन जाती आहेत आणि दोघींची वागणूक वेगळी.

पहिली जात २०२० च्या घाईत घेतलेल्या स्वस्त मशीनची. बहुतेक ५२ किंवा ५८ सीसीची, केशरी नाहीतर लाल प्लास्टिकची, नाव काहीही असो आतला साचा जवळपास सारखाच. यांना कोणी जुनं-दुर्मिळ म्हणणार नाही. पण यांचे पार्ट सगळीकडे मिळतात आणि एकाचे दुसऱ्याला बहुतेक लागतात. मेलेल्या दोन मशीनमधून एक जिवंत सहज होतं. शेजाऱ्याचा आणि तुमचा मिळून एक कटर झाला तर भांडण न करता वापरा, एवढंच.

दुसरी जात खरी जुनी. जर्मन 'स्टिल', स्वीडनची 'हस्कवर्ना', कधी अमेरिकेचं 'मॅकलॉक' किंवा 'होमलाइट'. ही आपल्या वाडीत सहसा थेट आलेली नाहीत. लाकडाच्या ठेकेदारांकडे, वखारीत, होडी बांधणाऱ्यांकडे ती राबली आणि मग हात बदलत बदलत आली. जड असतात, अंग धातूचं असतं, आणि कुठेतरी नंबर ठोकलेली पट्टी असते. त्यातलं एक नाव लक्षात ठेवा: 'स्टिल ०७०'. १०० सीसीच्या वरचं, हातात घेतलं की कंबर आठवावी असं धूड. जंगलकामासाठी ते जगभर गेलं आणि त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. तेव्हा ०७० लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. नकलेचं ओतकाम खडबडीत असतं, अक्षरं बोटाला पसरट लागतात, आणि पट्टीऐवजी नुसता स्टिकर असतो.

कटरचा इतिहास तसा १०० वर्षांचाच. जर्मनीत आंद्रेयास श्टील या इंजिनिअरने १९२६ मध्ये विजेवर चालणारा पहिला कटर काढला, तो धरायला दोन माणसं लागत. १९२९ मध्ये पेट्रोलवरचा आला. एका माणसाला पेलेल असं दमदार मशीन, त्यांचं 'कॉन्ट्रा' मॉडेल, १९५९ मध्ये आलं आणि त्याच वर्षी हस्कवर्नाचाही पहिला कटर बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण जुनापुराणा म्हणतो तो बहुतेक ४०-५० वर्षांचा असतो. आपल्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनापेक्षा लहान.

ज्यांना असे जुने कटर जमवायची हौस आहे (कंपनीत तीन-चार जण आहोत, हसू नका) त्यांनी कुठे बघावं? बंद पडलेल्या सॉ मिलचा मागचा पडवीचा कोपरा. होडी बांधायच्या कारखान्यांची शेड. जंगलठेका घेणाऱ्या जुन्या घरांचे माळे. मुंबईत कामाला असलेल्यांनी नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला चक्कर मारावी, पार्टसाठी तर नक्कीच. आणि गावचा भंगारवाला. त्याला फोन नंबर देऊन ठेवा, तो किलोच्या भावाला घेतो, तुम्ही त्याला दोन पैसे जास्त द्या, तोही खूश. घेताना एकच बघा: सगळे पार्ट जागेवर आहेत का. झाकण, फिल्टरची टोपी, रस्सीचं चाक, टाकीचं बूच. इंजिन दुरुस्त होतं, पण ४० वर्षांपूर्वीचं टाकीचं बूच शोधताना पायाचे तुकडे पडतात.

*रस्सी ओढू नका. आधी हे करा.*

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मशीन खाली काढलं की हात आपोआप रस्सीकडे जातो. आत गंज, मातीचं घर केलेली कुंभारीण माशी, उंदराने नेलेला कापूस, काहीही असू शकतं. कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासला की चांगलं मशीनही ओरखडतं.

१. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका. वाडीत, विहिरीजवळ, पाटात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, तो पार्ट धुवायला वापरतो.

२. प्लग काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑईल सोडा. एक रात्र जाऊ द्या.

३. सायलेन्सरचे नट-बोल्ट काढा. आता मोबाईलचा टॉर्च लावून भोकातून आत बघा. पिस्टनची बाजू दिसते. रस्सी अगदी हळू, इंच-इंच ओढून पिस्टन वरखाली करा.

पिस्टन गुळगुळीत, चमकता, फार तर तपकिरी डाग असतील तर मशीनचा जीव शाबूत आहे. उभ्या खोल रेघा दिसल्या, जणू कोणी कानस फिरवली, तर पिस्टन कधीतरी गरम होऊन धरला होता. स्वस्त मशीनचा सिलिंडर-पिस्टन नवा मिळतो, टाका. जुन्या जर्मन मशीनचा मिळायला वेळ लागेल. ते मशीन तोवर शोभेला ठेवा, चालवू नका, नाहीतर आहे तेही जाईल.

पिस्टन हलतच नसेल तर जोर लावू नका आणि मॅग्नेटच्या चाकावर हातोडी तर मुळीच मारू नका. त्या चाकाचे पंख तुटतात आणि मग काही उरत नाही. अर्धं डिझेल, अर्धं टू-टी ऑईल भोकातून सोडा, चार दिवस थांबा, मग चाकाच्या नटाला पाना लावून पुढे-मागे थोडं थोडं हलवा. माझा एक कटर अकराव्या दिवशी सुटला. रोज संध्याकाळी दूध काढून झालं की पाच मिनिटं, एवढंच केलं.

आता ती रस्सीची परीक्षा. प्लग परत घट्ट बसवा, स्विच बंद ठेवा, रस्सीची मूठ हातात धरून कटर जमिनीपासून वीतभर उचला. कटर रस्सीला लटकून हळूहळू, थांबत थांबत खाली आला तर दाब चांगला आहे. धप्पकन खाली गेला तर रिंगा गेल्या किंवा चिकटल्या. टेम्पोतला तो कटर लटकून राहिला होता. (फार लहान, हलक्या मशीनला आणि दाब सोडायचं बटण दाबलेलं असेल तर ही परीक्षा लागू पडत नाही.)

*पेट्रोलचा भाग: इथेच बहुतेक कटर मरतात*

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो, म्हणून गाडी आडवी झाली की बंद पडते. कटर तर आडवा-उलटा धरूनच चालवायचा. म्हणून त्यात फ्लोटऐवजी रबरासारखे दोन पातळ पडदे असतात. एक पडदा इंजिनाच्या धडधडीवर वरखाली होत टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. हे पडदे वाळून कडक झाले, पापडासारखे वाजायला लागले, की कटर चालू होऊन लगेच बंद पडतो, किंवा रेस दिली की मरतो. मशीन गेलं असं वाटायला लावणारा खरा चोर हाच.

पडद्यांचा सेट मिळतो. जुन्या मशीनच्या कार्बोरेटरवर बारीक अक्षरात 'वालब्रो' किंवा 'टिलॉट्सन' आणि पुढे काही अक्षरं-आकडे असतात. त्याचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा. मशीनचं नाव सांगून तो गोंधळेल, कार्बोरेटरचा नंबर सांगून गोंधळणार नाही. उघडताना प्रत्येक थर काढला की फोटो काढा. पॅकिंग आणि पडदा यांचा क्रम उलटा झाला की सगळं परत खोलावं लागतं. बारीक भोकांत तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, चष्मा लावून.

त्याच वेळी पेट्रोलची नळी आणि टाकीतला छोटा फिल्टर बदला. नळी वाकवली की चिरा दिसतील. इथे काटकसर करू नका. चिरलेली नळी हवा ओढते, हवा जास्त आणि पेट्रोल-ऑईल कमी झालं की पिस्टन धरतो.

बाहेर 'एच' आणि 'एल' लिहिलेले दोन स्क्रू असतील. आहेत तिथून आत किती आटे जातात ते मोजून कागदावर लिहा, मगच काढा. परत बसवताना हलक्या हाताने आत टेकवून एक आटा बाहेर, ही सुरुवात. 'एच' स्क्रू जास्त आत गेला की मशीन कर्कश, जोरात पळतं, ऐकणाऱ्याला वाटतं वा काय आवाज आहे. तो आवाज मशीनचा शेवटचा असू शकतो. जरा बाहेर ठेवा, रिकामा चालताना घोगरा आवाज आला पाहिजे आणि लाकडात शिरल्यावर साफ झाला पाहिजे.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्याला पाण्याची कमी नाही. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही. जुने कटर बनले तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. गाडीत रोज पेट्रोल फिरत असतं म्हणून चालून जातं, कटरमध्ये ते महिनोनमहिने बसतं. उपाय साधा आहे. त्या दिवसापुरतंच मिश्रण करा. काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही सुकतो.

मिश्रणाचं माप: जुन्या मशीनला आणि साध्या टू-टी ऑईलला १ लिटर पेट्रोलमध्ये ४० मि.ली. ऑईल. कंपनीचं भारी ऑईल असेल आणि डब्यावर ५० ला १ लिहिलं असेल तर २० मि.ली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर मि.ली.च्या खुणा असतात, ते धुऊन वापरा. गाडीच्या इंजिनाचं फोर-टी ऑईल चालत नाही.

आणि कॅनवर लिहा. हे मी अनुभवाने सांगतो. वादळानंतरच्या आठवड्यात माझ्या पडवीत दोन सारखे पांढरे कॅन होते, एक मिश्रणाचा, एक गाडीसाठी आणलेल्या साध्या पेट्रोलचा. संध्याकाळचा अंधार, अंगात चिखल, समोर काकांच्या दारावर आडवा माड. चुकीचा कॅन ओतला. दहा मिनिटांत कटर किंचाळला आणि थांबला तो कायमचा. मशीन शेजाऱ्याचं होतं. तेव्हापासून माझ्या मिश्रणाच्या कॅनला लाल चिंधी बांधलेली असते.

*ठिणगी*

नवा प्लग स्वस्त आहे, जुना घासत बसू नका. फट साधारण ०.५ मि.मी. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवा, प्लगचं भोक फडक्याने झाका, अंधारात रस्सी ओढा. निळी ठिणगी दिसली की झालं. पेट्रोलचा कॅन दुसऱ्या खोलीत असू द्या.

ठिणगी नसेल तर आधी स्विचची वायर काढून बघा. खाऱ्या हवेने स्विच आतून गंजून वायर कायमची अर्थ होते आणि लोक कॉइल बदलत बसतात. कॉइल आणि मॅग्नेटच्या चाकामधली फट व्हिजिटिंग कार्डाएवढी हवी. कार्ड मध्ये सरकवून कॉइल कसायची. खऱ्या जुन्या मशीनमध्ये चाकाखाली पॉइंट असतात, जुन्या स्कूटरसारखे. ते बारीक पॉलिश पेपरने हलके पुसायचे, फट साधारण ०.४ मि.मी. गावात जुना स्कूटर मेकॅनिक असेल तर त्याला बोलवा. त्यालाही बरं वाटतं, असं काम आता त्याच्याकडे कोणी आणत नाही.

क्लच काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, बहुतेक कटरच्या क्लचचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं सोडवायला गेलात तर तो अजून घट्ट होईल. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडतात, लोखंडी काही घालायचं नाही.

*चेन आणि भिरूड*

आंबेवाल्यांना भिरूड ओळखीचा. खोडात शिरून भुसा बाहेर टाकणारी ती जाड पांढरी अळी. चेनच्या दातांचा आकार तिच्याच एका अमेरिकन भावकीवरून आला आहे. १९४६ च्या सुमारास ओरेगॉन भागातला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या वैतागला होता, कारण तेव्हाची चेन हाताच्या करवतीसारखी सरळ दातांची होती आणि सारखी घासावी लागायची. त्याने लाकडात शिरलेली एक अळी बघितली. ती डावीकडून एक घास, उजवीकडून एक घास, असं आडव्या-उभ्या नसांची पर्वा न करता लाकूड खात होती. त्याने तिच्या जबड्यासारखे एक डावा, एक उजवा असे वाकडे दात बनवले आणि १९४७ मध्ये धंदा सुरू केला. आज तुमच्या कटरची चेन बघा, एक दात डावा, एक उजवा. बागेचा शत्रू, पण काम शिकवून गेला.

घासताना म्हणून दोन्ही बाजू सारख्या घासाव्या लागतात. एका बाजूचे दात आखूड झाले की पट्टी लाकडात वाकडी जाते. गोल कानस चेनच्या मापाची हवी: ०.३२५ च्या चेनला ४.८ मि.मी., ३/८ च्या मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५ मि.मी., लहान मशीनच्या ३/८ लो प्रोफाइलला ४ मि.मी. माप चेनच्या कडीवर किंवा पट्टीच्या बुडाशी कोरलेलं असतं. कानस आतून बाहेर, एकाच दिशेला, प्रत्येक दाताला सारखे तीन-चार हात. माडाचं लाकूड बाहेरून टणक असतं आणि धार लवकर मारतं. वाळूत पडलेला माड कापायचा असेल तर आधी खराट्याने झाडा, वाळूचा एक फटका पुरतो.

गंजलेली चेन दोन दिवस डिझेलमध्ये बुडवा, मग प्रत्येक कडी हाताने वाकवून बघा. ज्या कड्या अडकतात, किंवा ज्याच्या रिव्हेटला चीर दिसते ती चेन फेका. तुटलेली चेन चाबकासारखी येते.

चेनला जळकं ऑईल घालायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. मलाही होती. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो ऑईलचा पंप खातो, आणि कापताना उडून हातातोंडावर येतो. चेनचं ऑईल नसेल तर स्वच्छ जाडं ऑईल घाला.

*कोणता कटर वाडीत न्यायचा आणि कोणता नाही*

हे मी दोनदा सांगतोय असं समजा. पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते, ती पुढे ढकलली की चेन जागच्या जागी थांबते. तो चेन ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की कटर क्षणात उसळून तोंडाकडे येतो. माणसाला हात हलवायलाही वेळ नसतो, ब्रेक तेवढ्यात काम करतो. १९७० च्या दशकात हे ब्रेक मशीनवर यायला लागले. त्याआधीच्या मशीनवर ते नाहीत, आणि बऱ्याच ०७० वर आणि त्यांच्या नकलांवरही नाहीत.

ज्या कटरला चेन ब्रेक नाही तो दुरुस्त करा, पुसा, चालू करून आवाज ऐका, पाहुण्यांना दाखवा. त्याने झाड कापू नका. "आमच्या बाबांनी आयुष्यभर त्यानेच कापलं" हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. त्यातल्या एका बाबांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत, ते मात्र सांगणाऱ्याने सांगितलं नाही, मी स्वतः बघितलं.

ब्रेक असेल तर तो चालतो का बघा: मशीन बंद, ढाल पुढे ढकला, हातमोजा घालून चेन ओढा. हलता कामा नये. माळ्यावर पडलेल्या मशीनच्या ब्रेकची पट्टी गंजून अडकलेली असते, ती उघडून साफ केल्याशिवाय बाकी दुरुस्तीला अर्थ नाही.

पहिल्यांदा चालू करताना मशीन अंगणात जमिनीवर, पाय मागच्या मुठीत. पडवीत नको, पेंढ्याजवळ तर नकोच, पोरं आणि कुत्री लांब. चालू झाल्यावर रेस न देता चेन फिरत राहिली तर तिथेच थांबा, क्लच किंवा स्क्रूचं काम बाकी आहे. आणि संथ चालणारं मशीन एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलवून बघा. आवाज एकदम चढला-उतरला तर बाजूचं ऑईल सील हवा ओढतंय. तसंच चालवलंत तर महिन्याभरात पिस्टन धरेल.

हो, आणि कटर चालू झाला म्हणून लगेच आंब्या-फणसाकडे वळू नका. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच ही झाडं स्वतःच्या मालकीत असली तरी तोडायला १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते. कांदळवनाला तर हातही लावायचा नाही. वादळात पडलेलं झाडही उचलण्याआधी फोटो काढून तलाठ्याकडे नोंद करा, पंचनाम्यालाही तेच कामी येतं.

*जमवणाऱ्यांसाठी थोडं*

जुना कटर चकचकीत रंगवू नका. मूळ रंग, झिजलेली मूठ, नंबरची पट्टी हीच त्याची ओळख. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, धातूच्या अंगाला पातळ ऑईल पुसा. आपल्या हवेत धातूच्या अंगावर पांढरी भुकटी येते, ती मऊ ब्रशने काढा, लोखंडी ब्रशने नको. आणि एका वहीत लिहून ठेवा: कुठे मिळाला, कोणाचा होता, कोणत्या वादळानंतर कोणाच्या वाडीत चालला, काय काय बदललं. माझ्याकडे पाच आहेत. त्यातला सगळ्यात जुना चालत नाही, पण त्याच्या मुठीवर आधीच्या मालकाने गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे, ती मी काढलेली नाही.

पावसाळ्यात ठेवायचं कुठे? आपल्याकडे सुकं ठेवायचं म्हटलं की चुलीवरचा माळा आठवतो, सुपारी, सुके मासे, बियाणं सगळं तिथेच. कटर तिथे ठेवू नका, रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. प्लास्टिकच्या पिशवीतही बांधू नका, आत घाम धरतो. टाकी उघडून सुकवा, प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी सोडून रस्सी दोनदा हळू ओढा, पट्टी-चेन काढून ऑईलच्या फडक्यात गुंडाळा, आणि सुती कापड टाकून आतल्या खोलीत खुंटीला टांगा. महिन्यातून एकदा रस्सी हळू ओढायची. कॅलेंडरवर अमावस्येला खूण करा, लक्षात राहतं.

ज्यांना आपला कटर कोणत्या जातीचा ते कळत नाही त्यांनी तीन फोटो याच नंबरवर पाठवा: पूर्ण मशीन, नंबरची पट्टी, आणि सायलेन्सर काढून दिसणारा पिस्टन. तिसरा फोटो नसेल तर मी आधी तोच मागणार.